राज्य कुणावर?

मी अडखळत बोलतो. आता कमी, तेव्हा फार. 'ट' आणि 'प' ही दोन अक्षरं माझी जन्माची वैरी. अशा माणसाला एक कला आपोआप येते. अडणारा शब्द लांबून येताना दिसला की त्याला बगल देऊन दुसरा पकडायचा. मी 'पाणी' मागत नसे, 'तहान लागलीय' म्हणत असे. 'टेबलावर' म्हणण्याऐवजी 'तिकडे' म्हणून हात दाखवत असे. नातेवाइकांना वाटे, मुलगा आळशी आहे, धड वाक्य बोलत नाही. एकेका वाक्यामागे माझी किती धावपळ चाललेली असे ते माझं मला माहीत.

त्यात आमचे बाबा. त्यांच्यासमोर तर मला बाकीची अक्षरंही कधीकधी अडत. ते मानपाड्याच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होते. दिवसभर फोनवर बोलून त्यांना सवयच लागलेली, की समोरच्याचं वाक्य अर्धं झालं की उरलेलं आपण पुरं करायचं. माझं तर पाव झालं तरी पुरे. मी 'मला उद्या' एवढं म्हणालो की, "कॉलेजला लवकर जायचंय ना, सांगतो आईला डबा करायला." दहातल्या नऊ वेळा ते बरोबर असत, आणि मला राग त्याचाच येई. दहाव्या वेळी चुकत, तेव्हा मी मान डोलावून मोकळा होई. चूक दुरुस्त करायची तर पुन्हा बोलावं लागणार. मी कॉमर्सला गेलो तो अशाच एका मान डोलावण्यातून.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बाबांच्या कारखान्याने जुने कॉम्प्युटर मोडीत काढले आणि त्यातला एक आमच्या डोंबिवलीच्या घरी आला. मी शिकावं म्हणून आणलेला. आईने जुन्या साडीचं कव्हर शिवलं आणि मी महिन्याभरात त्याच्यावर गेम खेळायला लागलो. पण माझं त्यात मन रमेना. कॉलेजच्या पोरांचे लाडके गेम दोनच जातींचे, गाड्या पळवायचे किंवा गोळ्या झाडायचे. कुठे वळायचं हे ठरवेपर्यंत माझी गाडी भिंतीत घुसलेली असे. माझा हात काही संथ नव्हता. मागून कोणी घाई केली की मला सुचेनासं होतं, आणि हे गेम म्हणजे सगळी घाईच. कॉलेजात घाई, घरी घाई आणि विरंगुळ्यालाही घाई, मग डोक्याला ताप हवाय कशाला?

मला काय हवंय ते मला ठाण्याच्या बाळकुमला कळलं. तिथे कॉलेजातला एक मित्र राहायचा. घर कोळ्यांचं, वडील खाडीत मासेमारी करणारे. थोरला भाऊ ऑफिसात लागला होता आणि त्याने घरात कॉम्प्युटर घेतला होता. अंगणात वाळत घातलेल्या जाळ्यांना वळसा घालून आम्ही आत गेलो, तर पडद्यावर किल्ले, जंगल, एक हिरवा राक्षस, आणि कुणीच हलत नव्हतं. मला वाटलं, मशीन बंद पडलंय.

"बंद नाय रे. आपली टर्न आहे," मित्र म्हणाला. "आपण चाल करू तेव्हा तो करणार."

"आणि नाही केली तर?"

"तर थांबेल. त्याला काय घाई नाय."

मी त्या राक्षसाकडे बघतच राहिलो. सोटा उगारून तो माझ्यासाठी थांबला होता. माझ्यासाठी असं कोणीच कधी थांबलं नव्हतं. दहा मिनिटांनी लाईट गेली, आणि पुढच्या आठवड्यात भावाने कॉम्प्युटर साफ केला, त्यात तो गेमही गेला. गेमचं नाव मित्राने कधी वाचलंच नव्हतं.

मग शोध सुरू झाला. ठाण्यातच, नौपाड्याच्या एका गल्लीत, दवाखान्याच्या वरच्या पोटमाळ्यावर एक दुकान होतं. तिथे फ्लॉपीवर गेम भरून मिळत. दुकानदार चाळिशीचा, गोल, दिलदार आणि बाबांपेक्षाही घाईचा. मी जिना चढून गेलो.

"बोल."

"मला तो ट... ट..."

"टँकवाला? आहे ना! एक नंबर गेम."

मी मान डोलावली आणि टँक घेऊन घरी आलो. पुढच्या आठवड्यात त्याच 'ट'चं टेनिस झालं. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "टायपिंग? शाब्बास! सगळी पोरं गेम मागतात, तू शिकायचं मागतोस." ती फ्लॉपी बघून बाबा इतके खूश झाले की मला सांगवेना.

चिठ्ठीवर लिहून द्यायचं ना, असं कोणीही म्हणेल. पण चिठ्ठी देणं म्हणजे मला बोलता येत नाही अशी कबुली देणं, आणि त्या वयात मला त्यापेक्षा टेनिस परवडलं. शब्द बदलून पाहावा, तर 'टर्न'ला आपल्याकडे शब्द 'पाळी'. तोही 'प'चा. शिवाय दुकानात कायम दोन-तीन मुली प्रोजेक्ट छापून घ्यायला बसलेल्या. त्यांच्यासमोर 'मला पाळी' एवढं बोलून मी अडकलो असतो, तर ठाण्यात पुन्हा पाऊल टाकायची सोय राहिली नसती.

एका रविवारी मी गॅलरीत उभा होतो. खाली बिल्डिंगमधली लहान मुलं पकडापकडी खेळताना भांडत होती. "तुझ्यावर राज्य आहे! मघाशी माझ्यावर होतं, आता तुझ्यावर!" राज्य! लहानपणी हजारदा म्हटलेला शब्द, ना 'ट' ना 'प'. आमच्या खेळात राज्य येणं म्हणजे शिक्षाच, ज्याच्यावर येईल त्याने सगळ्यांच्या मागे धावायचं. पण एकदा तुझ्यावर, एकदा माझ्यावर, हा अर्थ त्यात चोख होता. संध्याकाळपर्यंत मी ते वाक्य मनात घोटलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर थेट पोटमाळा गाठला.

"ज्यात राज्य येतं ना, तसला गेम द्या. एकदा माझ्यावर येतं, मग त्याच्यावर," मी एका दमात म्हणालो.

'राज्य' एवढंच ऐकून दुकानदाराचे कान मिटले असावेत. "राज्यवाला! राजा, किल्ला, राक्षस, जादूगार? मग असं मराठीत सांग ना इतके दिवस!" आणि त्याने सहा फ्लॉपी भरायला घेतल्या. माझा शब्द गल्लीतला, त्याने ऐकला तो सिंहासनावरचा. हा माणूस पुन्हा चुकला, हे मला कळत होतं. मी सवयीने मान डोलावली आणि मनातल्या मनात त्याला चार शिव्या घातल्या.

घरी येऊन गेम भरला. एक छोटा किल्ला, सात तिरंदाज, पांढऱ्या दाढीचा एक जादूगार, नदीपलीकडे अंधार. खालच्या कोपऱ्यात वाळूचं घड्याळ होतं. त्यातली वाळू पडत नव्हती. मी हात लावेन तेव्हाच ते उलटणार होतं, आणि मग शत्रू आपली चाल करणार होता. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा प्यालो, उगाच पेपर चाळला, परत येऊन बघितलं. कोणी हललं नव्हतं. इतका आनंद मला बारावीच्या निकालाने दिला नव्हता. दुकानदाराच्या चुकीने मला अगदी हवा तोच गेम मिळाला होता.

पुढे असे गेम मी पुष्कळ शोधले, आजही शोधतो. त्यातले काही ठग निघाले. नाव चालींचं आणि वर सेकंद मोजणारा काटा. ते मी त्याच दिवशी काढून टाकले. चित्रं साधी असली तरी मला चालतं, राक्षस रबरी दिसला तरी चालतं. हरण्याचंही मला काही वाटत नाही, विचार करून हरलो तर झोप नीट लागते. पण आपली वेळ आपल्याकडेच राहिली पाहिजे.

तर तो पहिला गेम. तो खेळताना मी सैन्याशी मोठ्याने बोलायला लागलो. एकटा असलो की मी अडखळत नाही. माझ्यासारख्या बहुतेकांचं असंच असतं, पण तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ही आपली लबाडी आहे आणि ती कुणाला कळता कामा नये. एका रविवारी दुपारी मी रंगात आलो होतो. "तिरंदाज, टेकडीवर चढा. दोघं पुलावर पहाऱ्याला थांबा. पाठीमागून कोणी आलं तर पळू नका." मागे चाहूल लागली म्हणून वळलो, तर दारात बाबा उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"हे तू बोलत होतास?"

मी मान डोलावली.

"माझ्याशी का नाही रे असा बोलत?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. मी म्हणालो, "तो घ... घ..."

"घाई करत नाही," बाबांनी वाक्य पुरं केलं.

आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर ऐकू आलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि म्हणाले, "काय करायचं असतं यात, सांग." मी सांगायला लागलो, वेळ लागला. दोनदा ते मध्ये बोलले. तिसऱ्यांदा बोलायला गेले आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून हसले. मला वाटलं, सुटलो. पण सवय ती सवय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड उघडलं आणि बाबांनी माझं वाक्य घरपोच केलं.

बी.कॉम. झाल्यावर बाबांनी मानपाड्यातल्याच एका दुसऱ्या कारखान्यात माझ्यासाठी ओळख काढली. हिशेबाचं काम, कॉम्प्युटरवर. इंटरव्ह्यूला बाबाही येणार होते. कॉलेजच्या प्रवेशाला तेच बोलले होते, बँकेतही तेच. रिक्षात बसल्यावर त्यांनी बेत सांगितला. "मी सुरुवात करून देतो. तू फक्त हो-नाही म्हण."

माझं मान डोलावण्याचं आयुष्य मला समोर स्वच्छ दिसलं. ऑफिसात हो, लग्नात हो, स्वतःच्या घरात हो. नोकरीची मला तितकी चिंता नव्हती. इंटरव्ह्यूच्या त्या एका खोलीत तरी माझ्या वाक्याचा शेवट माझा असावा, एवढंच मला हवं होतं.

"बाबा, आज मध्ये ब... बोलू नका," मी म्हणालो. एवढं म्हणेपर्यंत रिक्षाने दोन वळणं घेतली. बाबा उतरेपर्यंत बाहेर बघत राहिले.

साहेबांनी दोघांनाही आत बोलावलं. नोकरी मला मिळाली नाही, हे आधीच सांगून टाकतो. साहेब चांगले होते, चहा मागवला, बाबांशी चार शब्द बोलले आणि मग माझ्याकडे वळले.

"नाव काय तुझं? पूर्ण सांग."

सगळ्या शब्दांना मी पर्याय शोधले होते. नावाला पर्याय नसतो. आणि आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे आधी आपलं, मग वडिलांचं, मग आडनाव. माझं पटकन निघालं. बाबांचं नाव 'प'ने सुरू होतं.

ओठ मिटले ते उघडेनात. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, सांगा आता तुम्हीच, अशा नजरेने. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाबांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि बोटं पँटच्या कापडात रुतली होती. त्यांचे ओठही मिटलेले होते, माझ्यासारखेच.

त्यांचं स्वतःचं नाव होतं ते. त्यांनी सांगितलं असतं तर मीही दोष दिला नसता.

साहेब म्हणाले, "अहो, तुमचं नाव..."

"तो सांगतोय," बाबा म्हणाले.

आणि मी सांगेपर्यंत ते थांबले.