फुंकर मारून घेतलेला कौल

माझी शेजारीण कालवणात मीठ किती घालायचं तेपण देवीला विचारायची. मुंबैच्या डाक्तरानं तिचं एक थान कापलं, तर वर्साच्या आत त्याच जागी गाठ परत आली. डाक्तर बोलला, परत कापू. वैद्य बोलला, लेप लावू. तिनं गुरवाकडून देवीला फुलं लावून घेतली. उजवं पडलं तर मुंबै, डावं पडलं तर लेप.

डावं पडलं.

"परत लाव रे, देवीचं ध्यान नव्हतं."

परत डावंच. तिसऱ्या वक्ताला तिनं पुढं होऊन उजव्या फुलावर फुंकर मारली. फूल पडलं.

गुरव ओरडला, "अगो, असा कौल नसतो!"

"गाठ मला हाय, देवीला नाय."

 मी तिचं गाठोडं डोक्यावर घेतलं नि मुंबैच्या बोटीसाठी दासगावच्या बंदराची वाट धरली.