विक्रमाच्या भाताची पहिली पंगत

आमच्या गावाला जागतिक विक्रम करायचा होता. नळाला दिवसाआड पाणी, बस स्टँडवर बायकांना आडोसा नाही, पण विक्रम पाहिजे. एकाच कढईत जगातला सगळ्यात जास्त मसालेभात. गोंदिया जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, स्टेशनामागे राईस मिली. भाताचाच विक्रम करायचा, हे ठरवायला कुणाला डोकं चालवावं लागलं नाही.

मोबाईल नुकते हातात आले होते तेव्हाची गोष्ट. आम्ही काही पोरंपोरी झेरॉक्सवर पत्रकं काढायचो आणि बाजाराच्या दिवशी वाटायचो. विक्रमाची घोषणा झाली तसं मी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘भात गावाचा, पहिली पंगत कोणाची?’

कारण सरळ होतं. गावजेवण म्हटलं की आमच्या मोहल्ल्याची, म्हणजे बौद्धांची, पंगत शेवटची. ‘तुम्ही मागून बसा’ असं तोंडावर म्हणायचे दिवस गेले होते. आता फक्त निरोप उशिरा यायचा. आपण पोचेपर्यंत बाकीचे हात धुवून पान खात उभे. अन्याय इतका सभ्य झाला की पत्रकात लिहायलाही जड जातो. ‘निरोप उशिरा आला’ यावर मोर्चा कसा काढायचा?

माझी आई लहान असताना अशाच एका जेवणात पहिल्या पंगतीत जाऊन बसली होती. तिला दंडाला धरून उठवलं. तेव्हापासून तिने गावजेवणात पाय ठेवला नाही. रोवणीला ती गावातल्या प्रत्येक बांधीत उतरली होती, पण त्या धानाचा भात गावासोबत बसून खाल्ला नव्हता.

समितीचे अध्यक्ष एक राईस मिलवाले होते. माणूस वाईट नव्हता. आपल्या गावात सगळं बरं चाललंय असं मनापासून वाटणाऱ्यांपैकी होता, आणि मला अशा माणसांचाच जास्त राग येतो. मी पत्रकाचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचलं, चहा मागवला. म्हणाले, “बेटा, हे वाटू नको. जो पहले येईल तो पहिल्या पंगतीत बसेल. मी जबान देतो.”

मी गठ्ठा परत आणला आणि ती जबान आईपुढे ठेवली. आई सुपात तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

“तू म्हनतेस म्हून येते,” ती म्हणाली. “पन उठवलं तं मंग मले पुन्हा कवाच चाल म्हनू नको.”

थंडीचे दिवस होते. शाळेच्या मैदानात खड्डा खणून भट्टी केली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये कढई जोडून घेतली होती. भात हलवायला नावेच्या वल्ह्यांएवढी उलथनी. मुंबईहून निरीक्षक आला होता. त्याने आदल्या दिवशी रिकामी कढई क्रेनला टांगून वजन लिहून घेतलं होतं. नियम एकच : भरल्या कढईचं वजन होईपर्यंत आतलं शीत बाहेर काढायचं नाही.

भात शिजला, झाकणाचे पत्रे निघाले, मैदानभर वाफ पसरली. आणि क्रेन रेल्वे फाटकाच्या पलीकडे बंद पडलेली.

इथे आमच्या गावाने खास आमच्या गावाचीच चूक केली. भातावरचं झाकण निघालं की पानं टाकायची, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. वाढपी सवयीने धावले. सतरंज्या पसरल्या, पळसाच्या पत्रावळी पडल्या, माणसं बसली, वाढप्यांनी पानावर मीठ वाढलं. आणि मीठ पडलेल्या पानावरून माणसाला उपाशी उठवत नाहीत. निरीक्षकाला हे काय ठाऊक? समितीला ठाऊक होतं, पण समिती फाटकाकडे बघत होती.

आई पहिल्या पंगतीत बसली होती. तिच्या शेजारी अध्यक्षांची चुलत काकी. अंगाने दणकट म्हातारी, शेतकरी घरातली. आपल्या पूर्वजांनी गावचा तलाव खोदला, हे ती ओळख नसलेल्यालाही सांगायची. आईलाही सांगत होती. आई मान हलवत होती.

अध्यक्ष लगबगीने आले. क्रेनला तासभर लागेल, सगळ्यांनी जरा उठावं, वजन झालं की आमदारसाहेब आणि पाहुणे बसतील, मग तुम्ही. शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. दिलेली जबान त्यांच्या लक्षातही नसावी. पंगतीचं एक टोक हलायला लागलं. दोघंतिघं उठून धोतर झटकू लागले.

मी पाण्याचा जग घेऊन उभी होते. घोषणा द्यावी असं वाटलं. आईने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा दिली नाही.

“मी नाही उठत,” आई म्हणाली. मोठ्याने नाही. पानावर हात ठेवून.

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं आणि काकीकडे वळले. “काकी, तू तरी उठ ना व. घंटाभराची गोष्ट आहे. गावाचं नाव होऊन राहिलं.”

“तू कढईचं वजन कर ना बापा,” काकी म्हणाली. “माहं कायले करून राहिला?”

लोक हसले. काकीने आईचा हात न बघताच दाबला. की तिला नुसती मांडी बदलायची होती आणि आधार लागला, ते मला आजही सांगता येणार नाही. पत्रकात मी पहिलंच लिहिलं असतं.

उठलेले लोक परत बसले. आचारी कढईपाशी उभा, उलथनं हातात, नजर अध्यक्षांवर. निरीक्षक घड्याळ बघत होता. अध्यक्षांनी एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा पंगतीकडे. मग खिशातून मोबाईल काढला, आमदारांचा नंबर लावला, आणि बोलायला वळता वळता आचाऱ्याला म्हणाले, “वाढ.”

विक्रम तिथेच संपला. नंतर कुणी क्रेनला नावं ठेवली, कुणी आमच्या मोहल्ल्याला. पुढच्या गावजेवणाचा निरोप आम्हाला पुन्हा उशिरा आला, हेही लिहून ठेवते. एका पंगतीने गाव बदललं असं म्हणणारा खोटं बोलतो.

पण त्या दुपारी आई जेवली. घाई न करता, भात कालवून, मधूनच काकीला काहीतरी सांगत. पान संपलं. वाढपी तिला ओलांडून पुढे गेला होता.

“ए बापू,” आईने भर मैदानात हाक मारली, “इकडं भात आन.”

तो मागे वळला आणि बादली घेऊन आला. आईने हात आडवा करेपर्यंत वाढत राहिला.