कंसाबाहेरचं वजा

फळ्यावर गणित मांडलं की बापूमास्तर आकड्यांकडे बघतच नसत. आधी एकेका चिन्हावर खडू टेकवून ते आम्हाला मोठ्यानं वाचायला लावत. "आकडे भोळे असतात गं, चिन्हं डांबरट," म्हणायचे. कंसाबाहेर वजा दिसलं की आम्ही मुली पाटीत डोकं घालायचो आणि मास्तर खुशीत यायचे.

देवास संस्थान विलीन झालं आणि शाळेत मराठीच्या जागी हिंदी आली. आम्हाला काय, आम्ही गल्लीत हिंदी-माळवीच बोलायचो. मास्तरांची मात्र दातखीळ बसली. तपासणीला साहेब येणार, हिंदीतून शिकवता आलं नाही तर नोकरी जाणार, असं कळलं तेव्हा ते आमच्या घरी आले. "शालू, तू शिकव मला," म्हणाले. घरी आजारी बायको, आणि पन्नाशीचा हा माणूस माझ्यासमोर बसून वाक्यं घोकायचा. मला मेलीला रडूच यायचं.

तपासणीच्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, १२ − (५ − २). "बच्चियों, देखो..." इथवर आले आणि अडकले. पुढचं वाक्य मला पाठ होतं. मी तोंड उघडणार तोच साहेब म्हणाले, "कोई लड़की नहीं बोलेगी." मास्तर घामानं भिजले होते.

मग त्यांनी मला आणि कमलला पुढे बोलावलं. पाचावर बोट ठेवून मला वर्गाकडे तोंड करून उभं केलं, वजा दोनवर ठेवून कमलला पाठमोरी. दोन्ही हातांचा कंस आमच्याभोवती धरला. मग बाहेरच्या वजावर बोट ठेवलं आणि खांद्याला धरून आम्हा दोघींनाही उलटं फिरवलं. जिला गणित कधी म्हणून आलं नाही त्या गंगानं पाटीवर नऊ लिहून पाटी वर धरली.

साहेब हसले, नाही असं नाही. "समझ में तो आ गया, मास्साब. पर आप बोले कहाँ?" एवढं म्हणून शेरा लिहिला आणि गेले. असा राग आला मला त्यांचा, अजून येतो.

महिन्याभरात मास्तर बायकोला घेऊन धारला भावाकडे निघाले. मोटारस्टँडवर मी रडत उभी होते.

"त्या दिवशी वजा दोनचं काय झालं गं?" त्यांनी विचारलं.

"अधिक दोन."

"का?"

मी सांगितलं. मराठीत की हिंदीत, आता आठवत नाही.

"मग शिकवलं मी," मास्तर म्हणाले आणि मोटारीत चढले.