पपईचं इंजेक्शन

काल मटणाला लावायला कच्ची पपई चिरली आणि तिच्या चिकाच्या उग्र वासाने मला चाळीस वर्षं मागे, एका दवाखान्यात नेलं.

बाबांच्या मणक्यातली चकती सरकली होती. पपईच्या चिकापासून केलेल्या इंजेक्शनने ऑपरेशन टळेल, असं डॉक्टर म्हणाले. "पपईचा कधी त्रास झालाय?"

"छे! आवडीने खातो," बाबा म्हणाले.

मला संशय आला. आमच्या घरी पपई कधी येतच नसे. बाहेर बसलेल्या आईला मी विचारलं.

"अगं, एकदा एक फोड खाल्ली, तर ओठ सुजून श्वास कोंडला होता त्यांचा!"

मी धावत आत जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, कंबर बरी झाली असती, तुम्ही राहिला नसता."

रिक्षात कसबा पेठेतल्या घरापर्यंत बाबा माझ्याकडून तोंड फिरवून बसले होते. मीही रागातच होते. एवढं खोटं का बोलावं?

ऑपरेशन झालं. बाबा पुढे कितीतरी वर्षं ताठ चालले. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची आहे. ऑपरेशनला ते किती घाबरले होते, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही.