नाव झाकलेले पेपर

साळवे सर गेल्याचं प्रज्ञानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी पुण्यातल्या ऑफिसात नोकरीसाठी आलेल्या मुलांचे अर्ज चाळत होते. "सुमन, पप्पा गेले गं. सकाळी अंगणात खुर्चीत बसले होते, तसेच..." प्रज्ञा ही सरांची मुलगी आणि माझी वर्गमैत्रीण. या गोष्टीला आता महिना होईल.

सर जुन्नर तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. ते डिंगोऱ्याचे, बौद्ध कुटुंबातले. मी तळेघरच्या डोंगरातली, महादेव कोळी या आदिवासी जमातीतली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कॉलेजात आठ कॉम्प्युटर होते, त्यातले दोन कायम रुसलेले. लाईट गेली की सर फळ्यावर प्रोग्रॅम मांडायचे आणि स्वतःच कॉम्प्युटर झाल्यासारखे एकेक ओळ चालवून दाखवायचे. "आता एक्स झाला तीन... आता चार... आता बोला, पुढं काय?" मला वाटतं, मी प्रोग्रॅमिंग शिकले ते त्या अंधारातच.

पुण्यात कंपन्या भराभर निघत होत्या. शहरातल्या ठरावीक कॉलेजांत जाऊन त्या मुलं निवडायच्या. आमच्याकडे कुणी फिरकत नसे. सर सुट्टीच्या दिवशी एसटीनं पुण्याला जायचे आणि कंपन्यांच्या बाहेरच्या खोलीत तासन् तास बसायचे. एका ठिकाणी त्यांना ऐकवलं गेलं, "आमची कॉलेजं ठरलेली आहेत." सरांनी विचारलं, "ठरवली कुणी?" शेवटी एका कंपनीतल्या बाईंनी मुलाखतींसाठी अर्धा दिवस द्यायचं कबूल केलं. तेव्हा सरांनी उलट त्यांनाच अट घातली. लेखी पेपरवर नाव, आडनाव, गाव काही नको, फक्त नंबर. आणि मुलाखतीत जातीपातीची चौकशी नको. बाईंनी कारण विचारल्यावर सरांनी स्वतःची गोष्ट सांगितली. एमएस्सी झाल्यावर एका मुलाखतीत त्यांचं सगळं छान चाललं होतं. मग घरच्यांबद्दल विचारणा झाली, आडनावावरून बोलणं निघालं आणि साहेब म्हणाले, "कळवतो." सर ही गोष्ट आम्हाला सांगताना हसायचे. "अजून कळवतायत," म्हणायचे.

लेखी परीक्षा आधी झाली, पास झालेल्यांचे नंबर लागले. माझा होता. प्रज्ञाचा नव्हता, दोन मार्कांनी हुकला. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, सरांना गळ घातली, "त्या बाईंना एक शब्द टाका की. एवढ्या चकरा मारल्यात तुमी." सर म्हणाले, "नाव झाकायला मीच लावलं. आता लेकीचं नाव कसं सांगू?" काकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

ठरल्या दिवशी दुपारी मुलाखती सुरू झाल्या. बाईंच्या शेजारी एक साहेब होते. माझा अर्ज बघून म्हणाले, "तळेघर? म्हणजे तुम्ही नेमक्या कोण?" दार उघडंच होतं, बाहेर बाकावर सर बसलेले. ते उठून आत आले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, तिला काय येतं ते विचारा. हा प्रश्न आपल्यात ठरलेला नाही." मला वाटलं, आता सगळंच गेलं... माझं, आणि माझ्यामागं रांगेत बसलेल्यांचंही. साहेब कागद गोळा करायला लागले होते. बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "सरांचं बरोबर आहे. पुढचं मी विचारते." त्यांनी मला फळ्यावर प्रोग्रॅम लिहायला लावला. मी एक चूक केली आणि एकेक ओळ चालवताना ती मलाच सापडली. बाई हसल्या.

माझी निवड झाली, पण माझे वडील, आबा, धास्तावले. सर तळेघरला आले, शेवटचं अंतर पायीच. आबा त्यांना म्हणाले, "सर, पोरगी येकटी पुण्यात ऱ्हाईल व्हय?" सरांआधी आईच बोलली, "रोज डोंगर उतरून शाळंत जायाची, तवा कोण व्हतं संगं?" सर नाचणीची भाकरी खाऊन, हसत परत गेले. पुढच्या वर्षी तीच कंपनी पुन्हा आली आणि प्रज्ञा निवडली गेली. काकूंनी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या. सर त्यांना म्हणाले, "दोन मार्क लई महाग पडले होते बाई."

निवृत्तीनंतर सरांनी डिंगोऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी मुलाखतीचा सराव घ्यायला सुरुवात केली होती. गेल्या रविवारी काकूंना भेटायला गेले, तर ओसरीत चपलांची गर्दी. मला वाटलं, लोक भेटायला आलेत. आत पाहिलं तर राजुरीच्या दोन मुली आणि एक डोंगराकडची, हातात फायली घेऊन सतरंजीवर बसलेल्या. सर गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, तरी आल्या होत्या. काकू त्यांना चहा देत होत्या.

"म्या कालच त्यास्नी निरोप धाडला, रविवार हाय, या म्हणून," काकू म्हणाल्या. "तू येणार हे प्रज्ञानं सांगितलं व्हतं. बस तिथं."

सरांच्या टेबलापाशी मी बसले. डोंगराकडची मुलगी पदर सावरावा तशी ओढणी सावरून समोर आली आणि खाली बघत उभी राहिली. मी तिला बसायला सांगितलं. माझी दुपारची पुण्याची एसटी चुकली, तरी आमचा मुलाखतीचा सराव चाललाच होता.