गालिच्याचा सांधा

माझ्या आईला काळजी करायला कारण लागत नाही. नसलं तर ती शोधून आणते. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण तिच्याकडे बघूनच कुणीतरी केली असावी. सभागृहात फुलांचा गालिचा घातला की पाकळ्या उडू नयेत म्हणून ती पंख्याच्या बटणांवर आधी चिकटपट्टी लावते, मग ‘हात लावू नये’ असा कागद डकवते, आणि मग त्या कागदाशेजारी मला उभं करते.

सुगी संपली की धान्यबाजाराच्या सभागृहात मेळावा भरतो. त्या दिवशी दाराशी जमिनीवर फुलांचा मोठा गोल गालिचा लागतो. एकतीस वर्षं तो आई आणि तिची धाकटी जाऊ, म्हणजे माझी काकू, अशा दोघी घालतात. एकीने मधोमध दोरीचं टोक दाबून धरायचं, दुसरीने दोरी ताणून खडू फिरवायचा. वर्तुळं आखून झाली की दोघी समोरासमोर बसतात. अर्धं वर्तुळ हिचं, अर्धं तिचं. मधून सुरुवात करायची आणि मागे मागे सरकत यायचं. दोघींच्या पाकळ्या भेटतात तो सांधा. तो कुणालाही दिसता कामा नये. आईने आयुष्यात दुसरं काही मिरवलं नाही, हा न दिसणारा सांधा तेवढा मिरवला.

गेल्या वर्षी तो दिसला. काकूच्या बाजूला पाकळ्या जाड पडल्या होत्या, काही ठिकाणी तर ढीगच. आई सगळ्यांदेखत म्हणाली, “हात आहे की फावडं?”

काकूने उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे वर्षभरही नाही. दोन्ही घरांत भिंत एक, नळ एक, पण अबोला पक्का. “तुझ्या आईला सांग, दूध उतू चाललंय,” असं काकू मला सांगायची तेव्हा आई तिच्यापासून दोन हातांवर उभी असायची. मला दोघींचाही राग यायचा. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

यंदा सभागृहाच्या व्यवस्थापकांनी आधीच बजावलं होतं. “छापील चटई मिळते हल्ली, हुबेहूब फुलांसारखी. या खेपेला काम नीट झालं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून चटई अंथरू.” तेव्हापासून आईचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

मेळाव्याच्या सकाळी तिचा जीव टांगणीला लागला होता. “येईल ना गं ती?” तिने मला चार वेळा खिडकीशी पाठवलं. झेंडूच्या पाट्या चार वेळा मोजल्या. काकू आली, बोलली नाही, पण दोरीचं टोक दोन्ही हातांनी दाबून बसली. आईने खडू फिरवला. मी पाकळ्या खुडायला घेतल्या.

पहिली तीन वर्तुळं झाली. पिवळं, केशरी, मग बारीक चिरलेल्या पानांचं हिरवं. मी पाणी शिंपडायला उठले आणि पाहते तर आईने आपल्या अर्ध्या भागाची रेघ अंगठ्याने पुसायला सुरुवात केली होती. दोन बोटांनी ती केशरी पाकळ्या रेघेबाहेर ढकलत होती, पुढे आत ओढत होती, पुन्हा बाहेर. काठीसारखी सरळ कडा वाकडी होत चालली होती.

“आई, काय करतेस? व्यवस्थापक तासाभरात येतील!”

“गप्प बस. पाणी मार.”

“अगं पण वाकडं होतंय.”

“दिसतंय मला.”

मग मी समोर पाहिलं. काकूचा हात कापत होता. डाव्या हाताने तिने उजवं मनगट घट्ट धरलं होतं, तरीही चिमटीतल्या पाकळ्या हव्या तिथे पडत नव्हत्या. तिची कडा रेघेवरून आत-बाहेर जात होती आणि ती मान खाली घालून एकेक पाकळी उचलत बसली होती. कपाळावर घाम होता.

गेल्या वर्षीचे ढीग मला आठवले. आईलाही आठवले असणार, कारण तिचा चेहरा असा झाला होता की तो मला बघवेना. काकूची कडा जिथे बाहेर जाई तिथे आई आपली बाहेर काढी, ती आत येई तिथे आत घेई. उरलेली सहा वर्तुळं दोघींनी अशीच भरली. मी घड्याळाकडे बघत पाणी मारत राहिले आणि मनातल्या मनात चटईला शिव्या घालत राहिले.

व्यवस्थापक आले. गालिच्याभोवती फिरले, वाकले, पुन्हा फिरले.

“सांधा काही दिसत नाही,” ते म्हणाले. “पण वर्तुळं सगळी वेडीवाकडी. असं कसं झालं?”

काकूने तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. “माझा हात कापतो हल्ली. वय झालं.”

एकतीस वर्षांत आईने आपल्या कामात खोट काढू दिली नव्हती, स्वतःहून कबूल करणं तर लांबच.

“मग पुढच्या वर्षी चटईच बरी,” ते म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता त्यांच्या. “तुम्हालाही त्रास नको.”

ते गेले. मला रडू येत होतं. आई शांतपणे रिकाम्या पाट्या एकात एक घालत होती. काकू जागची हलली नाही.

“जाऊबाई,” वर्षभरात पहिल्यांदाच ती आईला म्हणाली, “तुमचा हात कधीपासून कापायला लागला?”

“आज सकाळपासून,” आई म्हणाली.

काकूने मांडीवरचा आपला उजवा हात डाव्या हातात घेतला.

“डॉक्टरला दाखवायला हवा,” ती म्हणाली.

“हवाच. उद्या दोघी मिळून जाऊ.”