जाहीर नोटीस आणि पोरीची सोयरीक

टाइल्सचं दुकान बुडाल्याचं दुःख होतंच, पण लाज त्याहून जास्त होती. अकोल्याच्या कोर्टात नादारीचा अर्ज करताना वकिलांना मी पहिलं हेच विचारलं, "हे बंद खोलीत नाही का होणार?" वकील हसले. "नोटीस पेपरात येणारच. ज्यांचं देणं आहे त्यांना कळायला नको?"

त्यांना कळलेलंच होतं, रोज दारात येत होते. माझी भीती अमरावतीची होती. पोरीची सोयरीक तिथे जमली होती, रविवारी साखरपुडा होता, आणि होणाऱ्या ईवायांना, म्हणजे व्याह्यांना, मी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. बायको म्हणायची, सांगून मोकळे व्हा. मी म्हणायचो, आधी साखरपुडा होऊ दे.

वकिलांच्या हातापाया पडून कमीत कमी खपाचा पेपर निवडला. तरी नोटिशीच्या दिवशी धीर सुटला. सकाळीच जुन्या शहरातल्या आमच्या चौकात गेलो आणि स्टॉलवर त्या पेपरचा होता तेवढा गठ्ठा मागितला.

"एवढे काहून जी?" स्टॉलवाला म्हणाला. "पोरीचा फोटो आला काय?"

"आला न!" माझ्या तोंडून निघून गेलं.

झालं! मी घरी पोचतो तोच शेजारीण पेढे मागायला हजर. तिच्या नवऱ्याने बसस्टँडवरून पेपर आणवला. एरवी जाहीर नोटिसा वाचतो कोण? त्या दिवशी फोटो शोधता शोधता गल्लीने पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढला. माझ्या साळ्याने तर हौसेने ईवायांनाच फोन केला, सूनबाईचा फोटो आलाय, पाहा म्हणून. तो पेपर अमरावतीलाही मिळतो हे मला तेव्हा कळलं.

थोड्या वेळाने ईवायांचा फोन. "फोटो काई दिसला नाई. नोटीस दिसली." मी तोंड उघडायच्या आत पुढे म्हणाले, "घरीच आहा न? आमी निंगालो."

बरा माणूस सोयरीक मोडायची तर समोर येऊन मोडतो. मी बायकोला तसं म्हटलं. ती कणीक मळायला बसली. पाहुणे कशालाही येवोत, उपाशी जाणार नव्हते. पोरीने माझ्याकडे पाहिलं नाही. मला स्वतःची भयंकर चीड आली.

गाडी आली. ईनबाई, म्हणजे विहीणबाई, उतरल्या त्या तडक आत गेल्या, पोरीला हाताला धरून बाहेर आणलं, पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटीत नारळ-साडी घातली.

"पण रविवारी..." मी म्हणालो.

"रविवारपर्यंत कोन थांबते?" ईवाई म्हणाले. "तुमचं नाव वाचलं अन् हिनं जेवनावरून हात काढला. म्हने, हा मानूस आता लाजीपायी सोयरीक मोडते. घ्या, लावलं कुंकू. आता मोडून दाखवा!"

मी हसायला लागलो ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर. सगळी गल्ली दारात उभी होती. पोरीची आई म्हणाली, दार लोटून घ्या. मी म्हटलं, राहू दे उघडं.